विमानांना कात्रजचा घाट: खोटी शहरं, खऱ्या आगी

पायवाट
नमस्कार मंडळी. ब्रिस्टलला येऊन सहा वर्षं झाली, आणि सह्याद्रीची तहान मेंडिपच्या टेकड्यांवर भागवतोय. (हसू नका. सगळ्यात उंच जागा ३२५ मीटर. आमच्या पर्वतीपेक्षा बरी एवढंच.) मागच्या रविवारी ब्लॅक डाऊनवर गेलो होतो. वर नुसतं हेदरचं रान, मोकाट घोडी आणि वारा. त्या रानात मातीत अर्धवट पुरलेली विटांची एक खोली दिसली. मला वाटलं मेंढपाळांचं काहीतरी असेल. बरोबरच्या आमच्या भटक्या गटातल्या म्हाताऱ्या सदस्याने सांगितलं, "हे ब्रिस्टल आहे."

म्हणजे असं की दुसऱ्या महायुद्धात या टेकडीवर खोटं ब्रिस्टल उभं केलं होतं. घरं नाहीत, रस्ते नाहीत. फक्त दिवे आणि आगी. रात्री जर्मन विमानं आली की हे 'शहर' पेटवायचं, म्हणजे खऱ्या शहरावरचे बॉम्ब इथे रानात पडतील. त्या खोलीत बसून काही माणसं बटणं दाबायची. म्हणजे स्वतःच्या डोक्यावर बॉम्ब बोलावायची!

घरी येऊन वाचत बसलो. १४ नोव्हेंबर १९४० ला जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री शहर जळालं, त्यानंतर घाईघाईने ही योजना आली. सरकारी नाव 'स्पेशल फायर', आद्याक्षरं एस एफ, म्हणून बोलताना 'स्टारफिश'. पहिला स्टारफिश पेटला तोही ब्रिस्टलसाठीच, २ डिसेंबर १९४० ला. पुढे अशी दोनशेच्या वर ठिकाणं झाली, ८१ शहरं-गावं-कारखान्यांसाठी.

प्रश्न दोन. एक, हे खरंच चाललं का, की युद्ध जिंकल्यावर मारलेल्या बाता? दोन, त्या टेकडीच्या पायथ्याशीही गावं आहेत. त्यांना कुणी विचारलं होतं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाचच
प्रकाश टाकू नका हो, वरून विमान जातंय.

झणझणीत
उगाचच, धागा इथेच संपला. तुम्ही जिंकलात.

अभ्यासू बोका
छान विषय. थोडी भर.

स्टारफिश ही या खेळाची तिसरी-चौथी पायरी. सुरुवात १९३९ च्या शरद ऋतूत झाली. हवाई मंत्रालयाच्या बांधकाम खात्याचे निवृत्त संचालक कर्नल जॉन टर्नर यांना बोलावून घेतलं. त्यांच्या खात्याचं नावही ठेवलं नाही, सगळे 'कर्नल टर्नर यांचं खातं' एवढंच म्हणायचे. आणि कचेरी कुठे? शेपर्टनच्या सिनेमा स्टुडिओत! लाकूड, कॅनव्हास आणि रंग यांतून खोटं विमान कमी पैशात कोण करून देईल, तर सिनेमाचे नेपथ्यवाले.

आधी दिवसाचे खोटे विमानतळ केले, त्यांना 'के' म्हणत. गवताळ माळावर कापडी विमानं मांडून ठेवायची आणि वीसेक माणसांनी ती इकडून तिकडे हलवायची, म्हणजे वापर चालू आहे असं वाटावं. ते फार टिकले नाहीत. टेहळणी विमानांनी काढलेले फोटो जर्मनीत बसून कुणीतरी भिंगाखाली बघत होतंच.

रात्रीचे 'क्यू' मात्र भलतेच यशस्वी झाले. धावपट्टीच्या दिव्यांची एक रांग आणि एक तळघर, बास. रात्री माणूस वरून दिवेच बघतो, बाकी सगळं त्याचा मेंदू भरतो. हे इतकं हुबेहूब जमलं की आपलीच विमानं उतरायला येऊ लागली! मग दिवे सांभाळणाऱ्याला आपलं विमान ओळखून लगेच दिवे घालवणं किंवा इशाऱ्याचे लाल दिवे लावणं हेही काम लागलं.

सोलापुरी चादर
कापडी विमानं म्हटल्यावर आठवलं. तो लाकडी बॉम्बचा किस्सा खरा का? म्हणजे शत्रूने खोट्या विमानतळावर एक विमान पाठवलं आणि त्यातून लाकडाचा बॉम्ब टाकला, असा. आमचे इतिहासाचे सर दरवर्षी सांगायचे.

अभ्यासू बोका
@सोलापुरी चादर: किस्सा झकास आहे, म्हणूनच संशय घ्यावा. इंग्रज सांगतात जर्मनांनी टाकला, जर्मन सांगतात इंग्रजांनी टाकला, हॉलंडमध्ये एक, फ्रान्समध्ये एक. ज्या गोष्टीत गाव, वर्ष आणि पक्ष बदलत जातात पण विनोद तोच राहतो, ती लोककथा. आणि एका चेष्टेसाठी विमान, पेट्रोल आणि चार वैमानिक कोण पणाला लावेल? खोटं ओळखलंय हे शत्रूला कळवणं तर त्याहून मोठा गाढवपणा. ओळखलं तर गप्प बसायचं, त्याला दिवे जाळू द्यायचे.

झणझणीत
लष्करात विनोदबुद्धी नसते हे गृहीतक मला मान्य नाही. ज्यांची आयुष्याची खात्री नाही तेच अशा चेष्टा करतात. पण पुरावा नाही माझ्याकडे, तेव्हा मी लाकडी बॉम्बच टाकला असं समजा.

निवृत्त फोरमन
मला यातली इंजिनिअरिंगची बाजू जास्त आवडली. आयुष्य बॉयलरपाशी गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

खोटी आग लावणं सोपं नाही. गवताची गंजी पेटवली तर वरून गवताची गंजीच दिसते. शहराची आग वेगवेगळी जळते. कुठे घराच्या छताची लाकडं धुमसतात, कुठे तेलाचं गोदाम भडकतं, कुठे नुसताच लाल उजेड. म्हणून या लोकांनी तीन-चार जातीच्या आगी तयार केल्या. जाळीच्या टोपल्यांत लाकूडफाटा आणि ज्वालाग्राही माल भरून रांगेने ठेवायचा, विजेच्या ठिणगीने लांबून पेटवायचा. तापलेल्या लोखंडी जाळीवर रॉकेल फवारायचं, म्हणजे पिवळी स्थिर ज्वाळा. कोळशावर तेल ठिबकत ठेवायचं.

आणि यातली राणी म्हणजे उकळत्या तेलाची आग. लोखंडी पन्हाळ खालून कोळशाने लालबुंद करायची, तिच्यात तेल सोडायचं, ते पेटलं की वरून पाणी सोडायचं! पाणी तेलापेक्षा जड, खाली जातं, क्षणात वाफ होते, वाफेचं आकारमान सतराशे पट. ती वाफ जळतं तेल घेऊन वर उसळते. चाळीस फुटांपर्यंत ज्वाळा. थोड्या वेळाने पुन्हा तेल, पुन्हा पाणी. वरच्या वैमानिकाला वाटणार, खाली इमारती एकामागून एक कोसळतायत.

आमच्या कारखान्यात अग्निशमनाच्या प्रशिक्षणात "तेलाच्या आगीवर पाणी टाकू नका" हे पहिलं वाक्य असायचं. इथे तीच चूक मुद्दाम, पाइप बसवून, वेळ लावून केली आहे. हॅट्स ऑफ.

कुंदाताई
फोरमनकाका, अगदी डोळ्यासमोर आलं. फोडणीत ओला कढीपत्ता टाकला की होतं ते, नाही का? तो कढईभर असेल, हा टाकीभर.
यानिमित्ताने सगळ्यांना: कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाण्याचा तांब्या अजिबात ओतू नका. माझ्या जावेचा हात भाजला होता असाच.

उगाचच
कुंदाताई, धागा युद्धावरून स्वयंपाकघरात आणल्याबद्दल आभार. आमच्याकडे दोन्ही एकच.

वऱ्हाडी ठेचा
हे म्हंजे बुजगावण्याच्या उलटं झालं ना बाप्पा. बुजगावणं म्हन्ते 'येऊ नको', अन हे म्हन्ते 'ये, इथं ये'.

बारीक चष्मा
शीर्षकात कात्रजचा घाट लिहिलंत पण धाग्यात त्याबद्दल ओळही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला. पाठलाग होणार हे उघड होतं. तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज भलत्याच वाटेने सिंहगडाकडे गेले, अशी कथा. म्हणून 'कात्रजचा घाट दाखवणे'. स्टारफिशच आहे हा, २७७ वर्षं आधीचा.

झणझणीत
समकालीन पुरावा? लाकडी बॉम्बला जो न्याय तोच बैलांना लावा बरं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इ.स.पू. २१७ मध्ये इटलीत रोमन सैन्याला चकवायला बैलांच्या शिंगांना मोळ्या बांधून पेटवल्या, हे रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. बैल तेच, शिंगं तीच.

बारीक चष्मा
मी 'कथा' असाच शब्द वापरला आहे, वर जाऊन पाहा. वाक्प्रचार मात्र शंभर टक्के खरा आहे आणि तो आपलाच आहे. आणि दोन सेनापतींना दोन हजार वर्षांच्या अंतराने एकच युक्ती सुचू शकते. बैल दोन्हीकडे होते, अंधार दोन्हीकडे होता.

सोलापुरी चादर
मग शिवा काशीदही यात येतील का? १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटताना दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसून गेले ते. खोटं शहर उभं करणं वेगळं आणि स्वतः खोटं लक्ष्य होऊन मरणं वेगळं. मला तर पायवाट यांच्या त्या तळघरातल्या माणसांपेक्षा शिवा काशीदच आधी आठवले.

पायवाट
@सोलापुरी चादर, अगदी. शीर्षक देताना कात्रज डोक्यात होतं, पण तळघराच्या दारात उभा होतो तेव्हा मलाही पालखीच आठवली होती. लिहायचं राहिलं.

फोरमनकाका, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

स्टुटगार्टवासी
जर्मनीतून बोलतोय, दुसरी बाजू.

हे उद्योग इथेही तितकेच झाले. आमच्या घरापासून आगगाडीने थोड्या वेळावर लाउफेन नावाचं गाव आहे, नेकार नदीकाठी. द्राक्षमळे, वाईन, आणि कवी होल्डरलिनचं जन्मगाव म्हणून पाटी. १९४० मध्ये तिथल्या शेतांत स्टुटगार्टचं खोटं रेल्वे स्टेशन मांडलं होतं. सांकेतिक नाव 'ब्राझील'! नेकारचं वळण दोन्हीकडे सारखं, म्हणून ती जागा. दिवे, आगी, आणि खरं वाटावं म्हणून विमानवेधी तोफासुद्धा. लक्षात घ्या, ज्याचं रक्षण करायला तोफा नाहीत ते शहर कोण मौल्यवान मानेल? ब्रिटिश विमानं फसली, आणि त्याची झळ लाउफेनच्या घरांनाही बसली. पायवाट यांचा दुसरा प्रश्न मला म्हणूनच टोचला.

एसेनच्या क्रुप या पोलाद आणि तोफांच्या कारखान्याचीही खोटी प्रत फेलबर्टजवळच्या टेकडीवर १९४१ मध्ये बांधली होती. पहिली दोन वर्षं बॉम्ब तिकडे जात राहिले. १९४३ मध्ये ब्रिटिशांकडे 'ओबो' आलं, म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला नेमक्या जागेवर नेणारी यंत्रणा, आणि टेकडी ओस पडली.

हँबुर्गची गोष्ट तर सिनेमात शोभेल. शहराच्या मध्यभागी आल्स्टर तलाव, वरून आरशासारखा चमकतो. तो आतला तलाव त्यांनी जवळपास पूर्ण झाकला, वर खोटे रस्ते आणि घरं मांडली, आणि खऱ्या लोंबार्ड पुलाची नक्कल थोड्या अंतरावर उभी केली. जुलै १९४३ मध्ये विमानं आली ती पोटात रडार घेऊन. रडारला पाणी आणि जमीन यांतला फरक कळतो, वरचा रंग कळत नाही. त्या आठवड्यात हँबुर्गमध्ये तीस हजारांहून जास्त माणसं मेली.

उगाचच
यावर विनोद सुचत नाही. पुढे चला.

नर्मदेकाठी
आधी पॅरिसचाही उल्लेख हवा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, फ्रेंचांनी शहराबाहेर खोटं पॅरिस मांडायला घेतलं होतं. सेन नदी जिथे पॅरिससारखंच वळण घेते तिथे. खोटी स्टेशनं, हलत्या गाडीचा भास देणारे दिवे, कारखान्याच्या मळक्या काचांचा भास व्हावा असं रंगवलेलं कापड. हे काम फर्नांड जाकोपोत्झी या इटलीत जन्मलेल्या विद्युत तंत्रज्ञाचं. पूर्ण व्हायच्या आत युद्ध संपलं. याच गृहस्थाने नंतर १९२५ मध्ये आयफेल टॉवरवर सिट्रोएन या मोटार कंपनीचं नाव दिव्यांनी लिहिलं. अंधाराची कला शिकला आणि जाहिरातीत वापरली.

निवृत्त फोरमन
नर्मदेकाठी यांनी काचांच्या मळकेपणाचा उल्लेख केला तो फार महत्त्वाचा. ब्रिटिशांच्या दिव्यांच्या सापळ्यातही हेच. शहरात ब्लॅकआउट असतो, मग खोट्या शहरात झगझगाट कसा चालेल? तिथे ढिसाळपणाचं नाटक करावं लागे. कुणीतरी दार उघडं टाकलंय त्याची फट. भट्टीचं दार उघडझाप होतंय त्याचा लाल उजेड. ट्रामच्या तारेवर उडणारी निळी ठिणगी. रेल्वे यार्डातले सिग्नल. आणि विमान अगदी जवळ आलं की घाबरल्यासारखे काही दिवे घालवायचे, काही 'विसरायचे'. वरच्याला वाटलं पाहिजे की आपण यांना चुकताना पकडलं. मी माणसं हाताळली आहेत म्हणून सांगतो, माणसाला स्वतः शोधलेल्या गोष्टीवर जास्त विश्वास बसतो.

कुंदाताई
१९७१ मध्ये आम्ही दादरला चाळीत. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. भोंगा झाला की खालून पोरं ओरडायची, "ए तिसरा मजला, लाइट घालव!" आमच्या शेजारच्या काकूंना देवापुढचा दिवा विझवायला भारी जड जायचं. मग त्यांनी तो पातेल्याखाली ठेवायची शक्कल काढली. दिवा गुदमरून विझायचा आणि त्या म्हणायच्या, मी नाही विझवला. फोरमनकाका म्हणतात तसं आमची चाळ कुणी वरून पाहिली असती तर खरं शहर म्हणून नक्की ओळखली असती.

आमच्या सासूबाई तर १९४४ च्या गोदीच्या स्फोटाचं सांगायच्या. एप्रिलमधली दुपार. आधी सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले. निघालं ते आपलंच जहाज, दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेलं.

बारीक चष्मा
७१ चा विषय निघालाच आहे तर भूजचा विमानतळ. बॉम्बनी धावपट्टी फुटली, तेव्हा माधापर गावच्या तीनशेच्या आसपास बायकांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. तळाचे प्रमुख आपले नागपूरचे विजय कर्णिक. बायकांना फिकट हिरव्या साड्या नेसायला सांगितल्या, झाडीत मिसळून जातील अशा, आणि धावपट्टी वरून ओळखू येऊ नये म्हणून शेणाने सारवली. शेणाने! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सिअ‍ॅटलला बोइंगच्या विमान कारखान्याच्या छतावर हॉलिवूडच्या नेपथ्यकाराकडून अख्खी खोटी वसाहत बांधून घेतली, झाडं आणि घरांसकट. आपण अंगण सारवलं.

झणझणीत
ताजमहालही झाकला होता. १९४२ मध्ये घुमटाभोवती बांबूचा सांगाडा, ७१ मध्ये कापड. पण हे सगळं लपवणं झालं. धागा बोलावण्याबद्दल आहे. लपवणारा कुणाच्या गळ्यात काही मारत नाही, बोलावणारा मारतो. सगळ्यांनी पायवाट यांचा दुसरा प्रश्न सफाईने टाळलाय.

वऱ्हाडी ठेचा
हे बोलले झणझणीत भाऊ. म्या सांगतो आमच्या इकडचं. रानडुकरं येतात रातच्याले. म्या फटाके फोडतो, टॉर्च मारतो, डब्बे वाजवतो. डुकरं माह्या वावरातून निंगतात अन जातात कुठं? शेजाऱ्याच्या तुरीत. थो फटाके फोडते, मंग माह्याकडं. सगळ्यात जास्त नुसकान ज्याच्याजवळ फटाक्याले पैसे नाही त्याचं. मले सांगा, त्या टेकडीखालच्या शेतकऱ्याजवळ फटाके होते का?

अभ्यासू बोका
वऱ्हाडी ठेचा, तुमचा प्रश्न त्या लोकांनाही पडला होता. नियम असा होता की सापळा खऱ्या शहरापासून साधारण चार मैल दूर आणि कुठल्याही वस्तीपासून निदान एक मैल. कागदावर. रात्री, धुरात, घाबरलेल्या वैमानिकाचा बॉम्ब एक मैल चुकणं म्हणजे नेम लागणंच. आणि सगळंच गुप्त, त्यामुळे गावाला रीतसर कुणी काही सांगत नसे.

आता पहिला प्रश्न, चाललं का. जर्मनांची पद्धत अशी होती की रेडिओ लहरींच्या आधारे उडणारी मोजकी वाटाडी विमानं आधी येऊन आगलावे बॉम्ब टाकत आणि मागची गर्दी त्या आगीवर नेम धरी. म्हणजे सापळ्याला संधी फक्त मधल्या काही मिनिटांची. त्या वेळात शहरातल्या खऱ्या आगी विझवायच्या आणि बाहेरच्या खोट्या पेटवायच्या. आधी पेटवलं तर संशय, उशिरा पेटवलं तर शहर गेलं. म्हणून पुष्कळदा फसलं. पण जमलं तेव्हा काय जमलं! एप्रिल १९४१ मध्ये पोर्ट्समथवर आलेल्या हल्ल्याचा मोठा भाग शेजारच्या हेलिंग बेटाच्या बाजूला पडला. एकूण हिशेब पाहिला तर ब्रिटनवर पडलेल्यातले सुमारे पाच टक्के बॉम्ब या सापळ्यांनी ओढले असा अंदाज आहे, आणि वाचलेले जीव अडीच हजारांच्या आसपास. पाच टक्के ऐकायला कमी वाटतात, पण खर्च रॉकेल, कोळसा आणि कुंपणाची जाळी!

झणझणीत
आणि हेलिंग बेटावरची माणसं त्या अडीच हजारांतून वजा केली का?

अभ्यासू बोका
रास्त प्रश्न. अशा हिशेबात वाचलेले मोजतात, ते कुणाच्या जागी वाचले ते फारसं कुणी विचारत नाही. चर्चिलनी आठवणींत ८ मे १९४१ च्या रात्रीचं लिहिलंय. डर्बीच्या रोल्स-रॉइस कारखान्यावर निघालेली विमानं चकली आणि २३० मोठे बॉम्ब उघड्या माळावर पडले. प्राणहानी म्हणजे दोन कोंबड्या. वाचताना हसू येतं. पण त्याच रात्री नॉटिंगहॅम शहरात शंभराहून जास्त माणसं गेली. कोंबड्यांची गोष्ट लोकांना पाठ आहे.

स्टुटगार्टवासी
या प्रश्नावर मंत्रिमंडळात भांडण झाल्याचं उदाहरण आहे, फक्त ते स्टारफिशचं नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात लंडनवर व्ही-१ हे उडते बॉम्ब पडत होते. बरेचसे मध्य लंडनच्या अलीकडे, दक्षिणेला पडायचे. जर्मनांचे लंडनमधले हेर प्रत्यक्षात ब्रिटिशांच्या ताब्यात होते. वैज्ञानिक आर. व्ही. जोन्स यांनी सुचवलं की हेरांकरवी असं कळवावं की बॉम्ब पुढे जातायत. म्हणजे जर्मन पल्ला अजून कमी करतील आणि दाट वस्तीचा मध्य भाग वाचेल. अर्थात दक्षिणेकडच्या लोकांवर जास्त पडतील. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी विरोध केला. कुणी मरायचं हे ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा मुद्दा. तरी ते चालू राहिलं. जोन्स यांचे स्वतःचे आईवडील दक्षिण लंडनमध्येच राहत होते, आणि त्यांनी ते नंतर लिहून ठेवलं.

सोलापुरी चादर
बाप रे. हे माहीत नव्हतं. आईवडील तिथे असताना!

कुंदाताई
त्यांनी आईवडिलांना दुसरीकडे हलवलं असतं तर मला ते माणूस म्हणून आवडले असते आणि अधिकारी म्हणून नसते आवडले. असं काहीतरी विचित्र वाटतंय वाचून.

उगाचच
गंभीर झालात सगळे. एक प्रश्न. हल्ली उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, गूगल नकाशात आमच्या गच्चीवरचे पापडसुद्धा दिसतात. हे प्रकार संपले असतील ना?

नर्मदेकाठी
उलट जोरात आहेत. २०२२ मध्ये युक्रेनने अमेरिकी रॉकेट लाँचरच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या आणि रशियाने त्यांच्यावर महागडी क्षेपणास्त्रं टाकली, अशा बातम्या होत्या. हवा भरायचे रणगाडे तर विकतही मिळतात. आता डोळ्याबरोबर रडारला आणि उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यालाही फसवावं लागतं एवढंच. म्हणजे फोरमनकाकांची पन्हाळ पुन्हा कामाला.

निवृत्त फोरमन
मी तयार आहे. पेन्शनमध्ये भागत नाही तसंही.

झणझणीत
दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं बंदर 'हलवणाऱ्या' ब्रिटिश जादूगार मॅस्केलिनचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? म्हणे शेजारच्या खाडीत दिवे लावून अख्खं बंदर तिकडे नेलं.

अभ्यासू बोका
कारण मॅस्केलिन यांच्या बहुतेक पराक्रमांचे एकमेव साक्षीदार मॅस्केलिनच आहेत. लाकडी बॉम्बच्या शेजारी ठेवा.

पायवाट
काल पुन्हा ब्लॅक डाऊनवर जाऊन आलो. या वेळी धागा वाचून गेलो होतो, म्हणून वेगळं दिसलं.

त्या विटांच्या घराला दोन खोल्या आहेत. एकीत जनित्र असणार, दुसरीत माणसं आणि टेलिफोन. आत आता मेंढ्यांच्या लेंड्या आणि कुणीतरी टाकलेला बिअरचा डबा. बाहेर माळावर दगडमातीचे ढीग रांगेने लांबवर गेलेत. मला वाटलं होतं हेच खोटे रस्ते. तसं नाही, शत्रूची विमानं वा ग्लायडर माळावर उतरू नयेत म्हणून केलेले अडथळे आहेत ते. त्यांच्या मध्येच तीन-चार हजार वर्षांपूर्वीची कांस्ययुगातली थडगी. लांबून कुठलं काय ते ओळखू येत नाही. दिवे-आगींचं मात्र काहीही शिल्लक नाही. ब्रिस्टलच्या मोठ्या रेल्वे स्टेशनचं यार्ड इथे दिव्यांनी मांडलं होतं म्हणतात. मी रोज त्या स्टेशनवरून कामाला जातो. २४ नोव्हेंबर १९४० च्या पहिल्या मोठ्या हल्ल्यात जुन्या शहराचा बराच भाग गेला, स्टेशन आहे अजून.

मग खाली उतरून गावातल्या पबमध्ये बसलो. मालकाला विचारलं, तुमच्या आजीआजोबांना या वरच्या दिव्यांचं माहीत होतं का? तो म्हणाला, "आजी सांगायची, विमानं आली की शहरातले नातेवाईक म्हणायचे देवा वाचव. आम्ही म्हणायचो, वरच्या पोरांनो, आज जरा वेळाने पेटवा."

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी एवढंच मिळालं.

झणझणीत
"जरा वेळाने पेटवा." हे मी कुठेतरी लिहून ठेवणार.

बारीक चष्मा
पायवाट, फोटो टाका की. तळघराचे आणि ढिगांचे. आणि घोड्यांचेही.

पायवाट
@बारीक चष्मा, धुकं होतं. एक फोटो आहे, त्यात घोडा आहे की दगडांचा ढीग ते मलाही सांगता येत नाही. तरी रात्री टाकतो.

वऱ्हाडी ठेचा
टाका भाऊ, पन मले उद्याच दिसन. आमच्याकडं आत्ताच लाइन गेली, मोबाइल नऊ टक्क्यावर हाये. अन शेजाऱ्याच्या वावरात फटाके वाजून राह्यले. म्हंजे डुकरं इकडं निंघाले.